चावी भिंतीबाहेर

सामखेड्यातला सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर रतिलाल मिस्त्री स्वतःच हात वर करायचा. त्यात त्याला लाज वाटायची नाही. घरच्या बैलाच्या मागून तो कधी गेला नाही. विहिरीच्या काठावर वाकून त्यानं कधी पाणी पाहिलं नाही. तापी ओलांडायची वेळ आली की नावेच्या बरोबर मध्यभागी बसायचा, डोळे मिटायचा, आणि नाव टेकल्यावरसुद्धा "टेकली ना?" असं विचारून मगच डोळे उघडायचा. गुजरांच्या पोरांनी बांधावरून उड्या माराव्यात, उसाच्या गाड्यांना लोंबकळावं, असा आमच्या गावचा रिवाज. रतिलाल बांधाला वळसा घालून यायचा.

असा माणूस इंजिनाच्या धंद्यात कसा गेला, याचं आम्हा सगळ्यांनाच नवल होतं. घरची जमीन भावांत वाटून थोडीच उरली, तेव्हा तो नवापूरला एका भातगिरणीत कामाला लागला. एकोणीसशे चोपन्न-पंचावन्नची गोष्ट असेल. तिथं एक मोठं ऑइल इंजिन होतं आणि त्यावरून भिंतीएवढा लांब पट्टा फिरायचा. एके दिवशी पोती वाहणाऱ्या एका गड्याचं धोतर त्या पट्ट्यात सापडलं. धोतर जुनं होतं, म्हणून ते टर्रकन फाटून पट्ट्याबरोबर गेलं आणि गडी बंडीवर उभा राहिला. गिरणीतली माणसं पुढचे कित्येक दिवस ती आठवण काढून हसत होती. रतिलाल मात्र हसला नाही. धोतर नवं असतं तर काय झालं असतं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी तो बाजारात जाऊन खाकी अर्धी चड्डी शिवून घेऊन आला. त्यानंतर लग्नाचा दिवस सोडला तर त्याला धोतरात कुणी पाहिलं नाही.

आणि त्या लग्नाच्या दिवशीचा प्रकार तर सगळ्या तापीकाठाला ठाऊक आहे. वरात नवरीच्या दारी पोचली, वाजंत्री वाजायला लागली, आणि वाजंत्रीनं बिथरलेला एक गोऱ्हा दावं तोडून मांडवात घुसला. वऱ्हाड पांगलं. नवरदेव बाशिंगासकट बैलगाडीवर चढला आणि गाडीच्या साट्यात आडवा झाला. गोऱ्ह्याला धरलं ते नवरीनं. सरलाबाईनं शालू खोचला, पुढं होऊन वेसण पकडली, दोन गोष्टी त्याच्या कानात बोलली आणि त्याला गोठ्यात नेऊन बांधून आली. मग हात धुऊन बोहल्यावर उभी राहिली.

सरलाबाई म्हणजे पुरात पोहणारी, साप काठीनं उचलून बांधावर टाकणारी बाई. तिच्या जावा तिला चिडवायच्या की देवानं तुमच्या घरात नवऱ्याचं आणि बायकोचं काळीज चुकून बदलून टाकलं. ती वरवर हसायची. पण मनातून तिला ते लागायचं. नवरा कामाचा होता, व्यसन नव्हतं, तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. तरी चारचौघांत त्याच्या भित्रेपणाच्या गोष्टी निघाल्या की ती पदर सावरत उठून जायची. हे ती पुढं माझ्या बायकोला स्वतः बोलली होती.

रतिलाल लग्नानंतर गावी परतला आणि विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागला. तेव्हा आमचा भाग धुळे जिल्ह्यात. तापीकाठच्या मळ्यांत इंजिनं वाढत होती आणि मिस्त्री कमी होते. त्याचं काम हळू, पण पक्कं. एक नट आवळला की त्यावर दुसरा आवळायचा. इंजिन सुरू करायच्या आधी सगळ्या माणसांना लांब उभं करायचा, मग स्वतः जमेल तितका लांब उभा राहून हँडल मारायचा. लोक हसायचे. पण त्याच्या हातचं इंजिन बिघडायचं नाही.

मग आली संकरित ज्वारी. शेतकी खात्याचे साहेब सायकलवरून गावोगाव फिरून सांगत होते की या नव्या ज्वारीचं बी आपल्याच शेतात तयार करा, सरकार ते घेईल. आमच्या सोसायटीचे चेअरमन शांतीलालभाऊ म्हणजे कुठल्याही नव्या गोष्टीत पुढं होणारे. त्यांनी पहिल्याच वर्षी बियाण्याचे प्लॉट धरले. ज्वारी छातीएवढी आली, कणसं भरली, आणि ऐन काढणीत आभाळ फाटलं. बी कणसातच मोडावलं. हिरवे कोंब फुटलेली कणसं पाहून शांतीलालभाऊ दोन दिवस शेताकडं फिरकले नाहीत.

साहेबांनी त्यावर उपाय शोधला. पुढच्या वर्षी, म्हणजे सदुसष्ट साली, सोसायटीला बी सुकवायचं यंत्र मंजूर झालं. नंदुरबारच्या मालधक्क्यावर लाकडी खोकी उतरली, बैलगाड्यांतून गावात आली. एका खोक्यात मोठा लोखंडी पंखा होता, दुसऱ्यात रॉकेलवर चालणारी भट्टी, आणि बाकी पत्र्याच्या नळ्या. पंखा आमच्याच डिझेल इंजिनावर चालवायचा होता. गोदामात विटांचा चौकोनी हौद बांधायचा, त्यात कमरेएवढ्या उंचीवर भोकांचा पत्रा टाकायचा, पत्र्यावर बी पसरायचं. भट्टीची गरम हवा पंखा ओढणार आणि नळीतून पत्र्याखाली ढकलणार. ती बियांमधून वर येताना ओल घेऊन जाणार. बाहेर कितीही पाऊस असो, आत ऊन पडल्यासारखं.

हे सगळं साहेबांनी नीट समजावलं. रतिलाल पाटावर बसून ऐकत होता. साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यानं तीनदा विचारून घेतली. बी हे जिवंत असतं. हवा अंगाला सोसवेल त्याहून फार गरम झाली तर दाणा दिसायला चांगला राहतो, पण आतून मरतो. म्हणून नळीत थर्मामीटर लावायचं. दाणाही आपल्यासारखाच आचेला भितो हे ऐकून रतिलालला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली, असं तो म्हणायचा.

मग बसवणी सुरू झाली आणि शांतीलालभाऊंचा जीव मेटाकुटीला आला. त्यांना दसऱ्याच्या आत यंत्र सुरू करायचं होतं. रतिलालला मात्र आधी आपली भीती संपवायची होती, आणि ती संपत नव्हती. पंखा जमिनीवर ठेवून चालणार नाही, म्हणून सिमेंटचा ओटा. ओटा पुरता वाळेपर्यंत पंख्याला हात नाही. पंख्याच्या तोंडाला जाळी, कारण उपरणं ओढलं गेलं तर? जाळी बारीक, कारण कोंबडी गेली तर? इंजिनाच्या पट्ट्याला झाकण हवं होतं, ते खोक्यात आलंच नव्हतं. तेव्हा कापूस वेचायला सातपुड्यातून आलेला डोंगरसिंग पावरा पुढं आला. डोंगरसिंगच्या हातात बांबू पाण्यासारखा वळायचा. त्यानं पट्ट्याच्या मापाचा लांबलचक पिंजरा विणला, आत हात जाणार नाही पण फिरणारा पट्टा दिसेल असा. रतिलालनं त्यातून आपली करंगळी घालून पाहिली. ती गेली. डोंगरसिंग खाली बसला आणि पुन्हा विणायला लागला. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली.

भट्टी गोदामात ठेवायला रतिलाल तयार होईना. विटांची भिंत मध्ये घालून तिला बाहेरच्या पडवीत बसवलं. कडब्याची गंजी त्या बाजूला होती, ती हलवायला लावली. एवढं झाल्यावर त्यानं गोदामाच्या दारांच्या फळ्या बिजागरीतून काढल्या आणि कुणाला न विचारता त्या चेअरमनच्या गोठ्यात नेऊन ठेवल्या. पावसाळी गारठ्यात कामाच्या बाया, गडी उबेला येऊन बसणार, दार ओढून घेणार, आणि रॉकेलचा धूर कोंडला की बसल्या जागी गुंगी येऊन माणूस जाणार, हे त्याला नवापूरलाच कळलं होतं. दार असलं की कुणीतरी लावणारच, असं त्याचं म्हणणं. चोरांचं काय, असं शांतीलालभाऊंनी विचारलं. रतिलालनं त्यावर फार नम्रपणे सुचवलं की भाऊंनी उघड्या दाराबाहेर छपराखाली खाट टाकावी. आणि खरोखर त्या हंगामात आमचे चेअरमन खाटेवर घोंगडी पांघरून बियाण्याची राखण करत झोपले.

शेवटची अडचण रॉकेलच्या टाकीची. टाकी भट्टीच्या शेजारी बसवायची आणि रॉकेल बंद-चालू करायची चावी टाकीलाच, असं सगळे धरून चालले होते. रतिलाल म्हणाला, टाकी भिंतीच्या पलीकडं, मोकळ्या अंगणात उंच ओट्यावर पाहिजे, आणि चावी त्याहून लांब, रस्त्याच्या बाजूला. त्यासाठी आणखी नळी लागणार होती, ती शहाद्याहून आणावी लागणार होती. शांतीलालभाऊंचा संयम सुटला. सोसायटीच्या दारात सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं की मिस्त्री, तू यंत्र बसवतोयस की पळायचा रस्ता आखतोयस?

रतिलाल खाली मान घालून पान्हा पुसत होता. तो तसाच म्हणाला, "मी भितरा माणूस शे भाऊ. आग लागनी ते मी मझार जावाव नही. म्हनीसन चावी भाईर पाहिजे."

आग लागली तर हा आत जाणार नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकून लोक हसले. सरलाबाई तिथंच होती, ती निघून गेली. पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, नळी मी आणतो. आणि पुढच्याच फेरीत सायकलच्या दांडीला बांधून ते खरोखरच नळी घेऊन आले.

यंत्र सुरू झालं तेव्हा सगळं गाव जमलं होतं. रतिलालनं क्रम ठरवून दिला होता. आधी पंखा, मग आग. बंद करताना आधी आग, आणि हवा गार होईपर्यंत पंखा चालू. तो क्रम त्यानं कामाच्या सगळ्या बायकांकडून गाणं म्हटल्यासारखा पाठ करून घेतला. शिवाय एक विचित्र सवय लावली. रोज काम सुरू व्हायच्या आधी तो एकदम "पळा" म्हणायचा आणि सगळ्यांनी हातातलं टाकून अंगणापलीकडच्या चिंचेखाली जाऊन उभं राहायचं. आधी पळायचं, ओरडायचं नंतर. पाटी सोबत न्यायची नाही, चप्पल शोधायची नाही. बायकांना त्यात मोठी मजा वाटायची. नऊवारीचा ओचा धरून चिंचेकडं धावणाऱ्या बायका आणि त्यांच्या सगळ्यांत पुढं अर्ध्या चड्डीतला रतिलाल, हे पाहायला रस्त्यावरचे गाडीवान थांबायचे.

मी तेव्हा सोसायटीत तोलाईच्या काट्यावर होतो. बाहेर झड लागलेली, आणि गोदामात गरम ज्वारीचा भाजक्या लाह्यांसारखा वास. ओलं बी हौदात पडायचं, बाया लाकडी दाताळ्यानं ते हलवायच्या, आणि दाणा दाताखाली कट्टकन फुटायला लागला की उतरवायचा. उतरवताना पंखा बंद, हा आणखी एक नियम. शांतीलालभाऊ मूठभर बी हातावर घेऊन येईल त्याला दाखवायचे. त्यांचा चेहरा पुन्हा उजळला होता.

एके दिवशी दुपारी पाऊस जोराचा झाला. इंजिनाच्या पडवीत वळचणीचं पाणी आलं आणि पट्टा भिजला. भिजलेला पट्टा चाकावरून घसरतो. तसा तो घसरला. इंजिन मोकळं होऊन धडधडत राहिलं, त्यामुळं आवाजावरून कुणाला काही कळलं नाही. पण पंखा थांबला होता आणि भट्टी जळत होती. हवा पुढं जायची थांबली तशी नळी तापत गेली. नळीवर भुसा साचला होता. त्या दिवशी घाईत झाडायचं राहून गेलं होतं. त्या भुशानं पेट घेतला.

रतिलाल हौदापाशी थर्मामीटर पाहत होता. पारा चढताना दिसला, मागोमाग वास आला. तो "पळा" म्हणाला आणि पळाला. खरंच सगळ्यांत पुढं पळाला. त्याच्यामागं बाया, गडी, मी. कुणी पाटी उचलली नाही, कुणी मागं पाहिलं नाही; रोजच पळत होतो, पाय आपोआप चिंचेकडं निघाले. पण रतिलाल चिंचेकडं न जाता रस्त्याच्या कडेनं गेला, चावी फिरवली आणि मग आमच्यात येऊन उभा राहिला. पडवीतला भडका आधी पिवळा, मग निळा झाला आणि बसला. मागं फक्त भुसा धुमसत राहिला.

तेवढ्यात दुपारचे खाटेवर पडलेले शांतीलालभाऊ उठून गोदामात शिरायला निघाले. त्यांना पोती बाहेर काढायची होती. ओरडून ते थांबणारे नव्हते. बायांबरोबर कामावर असलेल्या सरलाबाईनं धावत जाऊन मागून त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि गोऱ्ह्याला धरलं होतं तसंच घट्ट धरून ठेवलं. चेअरमन जागच्या जागी गोल फिरले. धूर कमी झाल्यावर रतिलालनंच आधीपासून बाहेर भरून ठेवलेल्या रेतीच्या बादल्या दाखवल्या. डोंगरसिंग आणि गड्यांनी त्या बाहेरून मारल्या आणि सगळं विझलं. पत्र्याची एक नळी काळी पडली होती आणि हौदाच्या कोपऱ्यातलं थोडं बी करपलं होतं. एवढंच नुकसान. एकाही माणसाच्या अंगाला चटका नाही.

आग विझल्यावर रतिलालनं पुन्हा एकदा जाऊन चावी आवळली. तो चिंचेच्या मुळीवर बसला. आता लोक हसतील, असं त्याला वाटलं असावं. कुणी हसलं नाही. शांतीलालभाऊ धोतर सारखं करत आले, त्याच्या शेजारी मुळीवर बसले आणि चावीकडं पाहत राहिले. भट्टीशेजारी चावी असती तर ती फिरवायला भडक्यात कोण गेलं असतं, हे त्यांना तिथं बसल्यावर उमगलं. जाणारे तेच होते. त्यांनी रतिलालच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सरलाबाई तांब्यातून पाणी घेऊन आली. ती हळूच म्हणाली, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "तुमनं भेव आज गावना कामे उनं."

त्यानंतर गावाच्या कामी आलेल्या त्या भित्रेपणाची गोष्ट निघाली की ती उठून जात नसे. उलट स्वतःच सांगायला बसायची, आणि मांडवातल्या गोऱ्ह्यापासून सुरुवात करायची.

यंत्र चार-पाच दिवसांत पुन्हा सुरू झालं. साहेब आले, काळी नळी पाहिली, आणि दोघं मिस्त्रीच्या ओसरीवर कागद पसरून बसले. पंखा थांबला हे माणसाला कळेपर्यंत उशीर होतो. मग ते चावीलाच कसं कळवायचं, असा प्रश्न होता. साहेबांना एक कल्पना सुचली, रतिलालनं ती लोखंडात उतरवली. नळीत एक हलका पत्रा बिजागरीवर टांगला. वारा चालू असेल तोवर पत्रा वर उचललेला राहायचा. वारा थांबला की पत्रा खाली पडायचा, त्याला बांधलेली तार सुटायची आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेलं वजन चावी बंद करायचं. पाहायला पुन्हा गाव जमलं. सरलाबाईनं इंजिन बंद केलं. पंखा मंदावला, पत्रा पडला, वजन खाली आलं, ज्योत विझली. डोंगरसिंगनं शिट्टी मारली. पुन्हा एकदा करून दाखवा, असा बायकांनी आग्रह धरला, तेव्हा ते सात-आठ वेळा करून दाखवावं लागलं आणि रॉकेल संपत आलं.

त्या वर्षीच्या बियाण्याची उगवण तपासून आली ती उत्तम होती. आमच्या सोसायटीच्या पोत्यांवर खात्याच्या चिठ्ठ्या लागल्या. बातमी पसरली तशी रतिलालला बोलावणी यायला लागली. नवापूरच्या भातगिरण्यांत, विसरवाडीच्या एका व्यापाऱ्याकडं, शहाद्याकडच्या सोसायट्यांत. तो पिशवीत पान्हे घालून एसटीनं जायचा, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर दांडी धरून बसायचा. कुठंही गेला की यंत्र पाहायच्या आधी विचारायचा, पळायचं कुठून ते दाखवा. लोकांना आधी गंमत वाटे, मग ते दार शोधायला लागत. कित्येक ठिकाणी दारात पोती रचलेली सापडायची आणि ती तिथल्या तिथं हलवली जायची.

गावचं यंत्र मग सरलाबाईच चालवू लागली. हौदाशी उभी राहून ती पाऱ्यावर नजर ठेवायची, आणि सकाळी "पळा" म्हणायचा मान आता तिचा. ती मात्र सगळ्यांच्या मागून, शेवटची बाई बाहेर पडली हे पाहूनच निघायची. रतिलालनं त्यावरून तिला पुष्कळ समजावलं, की पुढं पळत जा. ती ऐकत नसे. घरात त्या दोघांचं एवढंच एक भांडण होतं.

अडुसष्ट सालच्या होळीआधी डोंगरसिंगनं दोघांना मोलगीच्या बाजाराला बोलावलं. त्याचं पाड्यावरचं घर तिथून जवळ. जीपनं घाट चढायचा होता. रतिलालनं पहिल्या वळणावरून खाली दरीत पाहिलं आणि जीप थांबवून उतरला. तुम्ही व्हा पुढं, मी येतो, म्हणाला. सरलाबाई जीपमध्ये बसून राहिली आणि प्रत्येक वळणावर गाडी थांबवून, नवरा डोंगराच्या अंगानं चालत येताना दिसेपर्यंत वाट पाहत राहिली. ड्रायव्हर वैतागला होता, पण बाईपुढं बोलायची त्याची छाती झाली नाही.

बाजारात पोचले तेव्हा ढोल सुरू झाले होते. डोंगरसिंगनं कमरेला घुंगरं बांधली होती, त्याच्या बायकोनं, फुलवंताबाईनं, दोघांना मोहाच्या फुलांची भाकरी खाऊ घातली. मग माणसांची साखळी झाली, हात हातात गुंफले गेले आणि फेर फिरायला लागला. रतिलालनं आधी चौकशी केली की या गर्दीत कुणी पडलं तर तुडवलं जातं का. डोंगरसिंग हसून म्हणाला की पडणाऱ्याला दोन्हीकडचे हात उचलून धरतात, म्हणून तर हात धरायचे. ते त्याला पटलं. त्यानं पान्ह्यांची पिशवी फुलवंताबाईकडं दिली, एका बाजूला डोंगरसिंगचा आणि दुसऱ्या बाजूला सरलाबाईचा हात धरला, आणि दिवस मावळेपर्यंत नाचला. पाय चुकत होते. डोळे मात्र पूर्ण वेळ उघडे होते, असं सरलाबाई आम्हाला परत आल्यावर सांगत होती.